खडकातले बुडबुडे: दाब वाढवतात की धरून ठेवतात?

मुलुंडकर_निवांत

मंडळी, दोन उलटसुलट गोष्टी ऐकल्या आणि डोकं चक्रावलं.

कॉलेजातला एक मित्र तेलक्षेत्रात आहे. तो म्हणतो, जमिनीखाली तेलात विरघळलेला वायू सुटायला लागला की दाब घसरायचा वेग मंदावतो. म्हणजे बुडबुडे दाब धरून ठेवतात. मग भूकंपावरच्या एका व्याख्यानाला गेलो, तर तिथले वक्ते म्हणाले की दूरच्या भूकंपाच्या लाटा पोचल्या की सच्छिद्र खडकातल्या पाण्यात बुडबुडे उठतात, दाब वाढतो, आणि तिथेही छोटे भूकंप होऊ शकतात.

बुडबुडा एकच, खडक एकच. मग एकाकडे उशी आणि दुसऱ्याकडे पंप असं कसं? जाणकारांनी उजेड पाडावा. गणित चालेल, पण झेपेल इतपतच.

जाता जाता: आमच्या सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी कधी कधी दुधासारखं पांढरं येतं आणि थोड्या वेळात निवळतं. तेही याच खात्यातलं का?

---

शंकासुर

बुडबुडा म्हणजे पोकळी. पोकळीने दाब वाढेल हे मला पटत नाही. आणि वाढतच असेल तर त्यात नवल काय? गोटी सोड्याची बाटली हलवा, आतला दाब वाढतो, गोटी ढकलली की सगळं शर्टावर. विषय संपला.

---

गिरणगावची_लेक

शंकासुर, विषय इथे सुरू होतो. बंद बाटली कितीही हलवा, आतला दाब जवळपास तेवढाच राहतो. दरवर्षी नववीच्या वर्गात यावर पैजा लागतात.

पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि वर साठलेला वायू यांचं आधीच जमलेलं असतं. हेन्रीने १८०३ मध्ये मांडलेला नियम तो हाच: द्रवावर वायूचा दाब जितका, त्या प्रमाणात वायू विरघळणार. हलवल्याने हे प्रमाण बदलत नाही, फक्त वरचा थोडा वायू बारीक बुडबुडे होऊन पाण्यात पसरतो. गोटी आत गेली की वरचा दाब एकदम उतरतो आणि विरघळलेल्या वायूला बाहेर पडायला हे हजारो बुडबुडे आयते मिळतात. म्हणून फसफसून येतं.

आता खडकासाठी कामाची गोष्ट. समजा बंद जागेतल्या पाण्यावरचा दाब उतरला, पण बुडबुडा धरायला निमित्तच मिळालं नाही. अशा पाण्यात मावतो त्यापेक्षा जास्त वायू अडकून राहतो. याला अतिसंपृक्त पाणी म्हणतात. त्याला धक्का बसला की बुडबुडे सुटतात, त्यांना जागा लागते, जागा नसली की दाब चढतो. कुठपर्यंत? तो वायू ज्या दाबाला विरघळला होता तिथपर्यंत. त्यापुढे बुडबुडाच टिकत नाही, परत विरघळतो. बुडबुडा पदरचा दाब आणत नाही, आधी जमा झालेला परत करतो.

---

मुलुंडकर_निवांत

ताई, हे समजलं. मग मित्राचं म्हणणं? तिथे तर दाब घसरतच असतो ना?

---

निवृत्त_दर्यावर्दी

नोकरीची बरीच वर्षं समुद्रातल्या फलाटांवर आणि साठ्यांच्या हिशेबात गेली, म्हणून जरा पसरतो. लांबण लागली तर सोडून पुढे जा.

आपल्या दारातलंच उदाहरण घेऊ. मुंबई हाय. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या खोदकामाच्या फलाटाने तिथे तेल शोधलं, १९७६ पासून उत्पादन. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर. लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते समुद्रतळाखालचं तेलाचं तळं. तसं काही नसतं. तिथे चुनखडक आहे आणि त्याच्या बारीक रंध्रांत तेल, पाणी आणि वायू दाबाखाली बसलेले आहेत.

आधी नुसतं पाणी घ्या, वायू अजिबात नाही. पाणी दबत नाही असं आपण म्हणतो, पण थोडं दबतं. दाब १० वातावरणांनी (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) उतरवला तर १००० लिटर पाणी जेमतेम अर्धा लिटर फुगतं. हेच उलटं वाचा: न फुगणाऱ्या बंद जागेतल्या १००० लिटर पाण्यातून अर्धा लिटर काढलंत की दाब १० वातावरणांनी कोसळला. अर्धा लिटर, लक्षात घ्या.

आता त्याच जागेत एक टक्का, म्हणजे १० लिटर, वायू बुडबुड्यांच्या रूपात आहे आणि दाब २० वातावरणं आहे. साधारण २०० मीटर खोल पाण्याखाली असतो तेवढा. पुन्हा अर्धा लिटर पाणी काढा. वायू १० चा साडेदहा लिटर होतो आणि दाब उतरतो एक वातावरणापेक्षाही थोडा कमी. एक टक्का वायूने घसरण दहाव्या हिश्श्याहूनही खाली आणली. हा झाला नुसता आधीपासूनचा वायू. त्यात विरघळलेला वायू नव्याने सुटत राहिला तर घसरण आणखी मंदावते. तुमचा मित्र सांगतो ते हेच.

तेलाच्या साठ्यात हे एका ठराविक दाबाला सुरू होतं. आम्ही त्याला बबल पॉइंट म्हणतो. त्याच्या वर सगळा वायू तेलात मुरलेला असतो, तेल काढाल तसा दाब धाडधाड पडतो. बबल पॉइंट ओलांडला की पहिले बुडबुडे येतात आणि घसरणीचा उतार मवाळ होतो. नवख्या माणसाला आलेख बघून हायसं वाटतं. वाटू नये.

सुरुवातीला बुडबुडे सुटे असतात, रंध्रांत अडकलेले, हलत नाहीत. फुगताना तेलाला विहिरीकडे ढकलतात, तोवर ठीक. पण वायूचं प्रमाण काही टक्क्यांवर गेलं की बुडबुडे एकमेकांना भिडतात आणि वायूला सलग वाट मिळते. वायू तेलापेक्षा कितीतरी पातळ. तो पुढे पळतो, तेल मागे राहतं. विहिरीतून तेलाच्या पिंपामागे येणारा वायू वाढत जातो. आणि ज्याच्या जोरावर तेल वर यायचं तोच असा उडून गेल्यावर मागे उरलेलं तेल आधीपेक्षा घट्ट झालेलं असतं, कारण त्याला पातळ ठेवणारा वायू निघून गेला. निव्वळ विरघळलेल्या वायूच्या भरवशावर राहिलेल्या साठ्यातून पाच ते तीस टक्के तेल मिळतं, बाकी खडकात. म्हणून तर बाहेरून पाणी दाबायचा खटाटोप. मुंबई हायमध्येही समुद्राचं पाणी शुद्ध करून साठ्यात दाबतात.

माझं मत विचाराल तर, 'बुडबुडे दाब धरून ठेवतात' हे खरं आहे पण अर्धंच सांगितलं जातं. ते खर्चाने धरतात, आणि तो खर्च नंतर तेलात वसूल होतो.

---

शंकासुर

काका, मस्त. पण बुडबुडे रंध्रांत 'अडकलेले' म्हणजे काय? हलका वायू वर का जात नाही?

---

गिरणगावची_लेक

पृष्ठताणामुळे. बुडबुडा जितका बारीक तितका त्याच्या आतला दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त. त्रिज्या १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर फरक सुमारे ०.१४ वातावरण, १ मायक्रॉनला १.४, आणि ०.१ मायक्रॉनला १४. बुडबुड्याला एका रंध्रातून दुसऱ्यात जायचं तर मधल्या चिंचोळ्या गळ्यातून आकसून जावं लागतं. तेवढा जोर नुसत्या हलकेपणातून मिळत नाही, म्हणून तो तिथेच ठाण मांडतो. अशा बुडबुड्यांची रांग लागली की प्रत्येक जण थोडा थोडा दाब अडवतो आणि पाण्याची वाट जवळजवळ बंद होते. जामिन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकात काचेच्या केसासारख्या नळ्यांत दाखवलं होतं.

याच आकड्यांवरून बारीक रंध्रांत नवा बुडबुडा जन्मणं किती अवघड आहे तेही दिसेल. म्हणून खडकातलं पाणी बराच काळ अतिसंपृक्त राहू शकतं.

---

पक्का_वसईकर

वाचतोय. मधेच एक विचारतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत खालून सतत बुडबुडे येत असतात. आमच्याकडे सगळे म्हणतात की पाणी खाली उकळतंय आणि तो गंधकाचा वायू आहे.

---

गाळ_आणि_गोटे

तिथलं पाणी पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास असतं, उकळत वगैरे नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या गरम झऱ्यांच्या वायूत मुख्य भाग नायट्रोजनचा. पावसाचं पाणी हवा विरघळवून भेगांतून खोल उतरतं. वाटेत ऑक्सिजन खडकातल्या खनिजांत खर्च होतो, नायट्रोजनला कोणी विचारत नाही, तो तसाच उरतो. पाणी तापून वर येताना दाब उतरत जातो आणि तो सुटतो. म्हणजे तुमच्या कुंडातले बुडबुडे हे बरेचसे जुन्या पावसातल्या हवेचे. या वायूंत थोडा हेलियमही सापडतो, तो मात्र खोल खडकातून आलेला.

मुलुंडकर, तुमच्या बोअरचंही बहुधा हेच. पेल्यात पाणी धरून बघा. तळापासून वर निवळत गेलं तर हवा. वरून खाली निवळलं तर गाळ. गाळ असेल तर पाणी तपासून घ्या, हवेची काळजी नको.

---

मुलुंडकर_निवांत

पेल्याची युक्ती आवडली, करून बघतो. पण भूकंपाचं राहिलंच.

---

गाळ_आणि_गोटे

येतो त्यावर. माझं काम पायाभरणीचं, त्यामुळे रंध्रदाबाशी रोजचा संबंध.

खडकावर वरून जो भार येतो तो दोघं वाटून घेतात: खडकाचे कण आणि रंध्रांतलं पाणी. पाण्याचा दाब वाढला की कणांच्या वाट्याचा भार घटतो. भेगेच्या दोन बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारा जोर कणांच्याच वाट्याचा असतो, तो कमी झाला की भेग घसरायला मोकळी. टेरझागी या अभियंत्याने हे मातीसाठी १९२० च्या दशकात मांडलं, हबर्ट आणि रूबी या भूशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मोठ्या प्रस्तरभंगांना, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या भेगांना, लावलं. पुढे अमेरिकेत डेन्व्हरजवळ एका खोल विहिरीत १९६२ पासून सांडपाणी दाबलं गेलं आणि जिथे भूकंपाची सवय नव्हती तिथे धक्के सुरू झाले. म्हणजे 'दाब वाढला की भूकंप' हा दुवा पक्का आहे. प्रश्न आहे तो दाब बुडबुड्यांनी वाढतो का एवढाच.

या चर्चेला तोंड फुटलं २८ जून १९९२ च्या लँडर्स भूकंपाने. कॅलिफोर्नियात ७.३ तीव्रतेचा धक्का, आणि त्यानंतर लाँग व्हॅली, गायझर्स, थेट यलोस्टोनपर्यंत, १,२०० किलोमीटरहून दूर, छोटे भूकंप सुरू झाले. इतक्या दूर पोचणाऱ्या लाटांचा ताण किरकोळ असतो. मग तिथे आधीच काठावर बसलेलं काहीतरी असणार. यातल्या बऱ्याच जागा गरम पाण्याच्या आणि वायूने भरलेल्या, म्हणून संशय बुडबुड्यांवर.

एक कल्पना १९९६ मध्ये आली: लाटेत बुडबुडा आलटून पालटून फुगतो आणि आकसतो. फुगलेला असताना त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून वायू आत जास्त शिरतो. आकसलेला असताना बाहेर कमी जातो. प्रत्येक हेलकाव्याला थोडा नफा. नंतरच्या हिशेबांत हा नफा फार तुटपुंजा निघाला. दुसरी कल्पना ताईंनी सांगितलेली: अतिसंपृक्त पाण्याला लाटेचा धक्का बसला की नवे बुडबुडे सुटतात. वालुकाश्माच्या तुकड्यात कार्बन डायऑक्साइड विरघळवलेलं खारं पाणी भरून, त्यावर लाटेसारखे दाबाचे हेलकावे देऊन प्रयोगशाळेत बघितलं गेलंय. हेलकावे थांबल्यावरही रंध्रदाब चढलेला राहिला.

मला ही दुसरी जास्त पटते, पण एका अटीवर. जागा बंद हवी. पाण्याला बाजूला सरकायला वाट असेल तर बुडबुडे त्याला ढकलून देतील, विहिरीची पातळी थोडी चढेल, बस. घट्ट खडकात दाब टिकेल. शिवाय भूकंपाच्या लाटांनी भेगांत साचलेला गाळ हलून पाण्याची वाट मोकळी होते आणि दाब इकडचा तिकडे जातो, हे बुडबुड्यांशिवायचं स्पष्टीकरणही तितकंच तगडं आहे. प्रत्येक ठिकाणी बुडबुडेच, असं म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावं.

---

शंकासुर

मग कोयना? १९६७ चा भूकंपही बुडबुड्यांच्या नावावर टाकायचा का?

---

गाळ_आणि_गोटे

नाही. १० डिसेंबर १९६७ च्या त्या भूकंपासाठी शिवसागर जलाशयाचं वजन आणि भेगांतून खोल मुरणारा पाण्याचा दाब एवढं पुरेसं आहे. तिथे धक्के अजूनही येतात आणि जलाशयाची पातळी चढते-उतरते तसा त्यांचा जोर कमीजास्त होतो. बुडबुड्यांना मधे आणायची गरज नाही.

---

गिरणगावची_लेक

यातलं एक कोडं राहिलं, शंकासुरांसाठी मुद्दाम देते. काठोकाठ पाणी भरलेली, अजिबात न फुगणारी १० मीटर उंच बंद नळी. तळाला एक बुडबुडा. तो वर गेला. दाबाचं काय झालं?

---

शंकासुर

वर दाब कमी, बुडबुडा फुगेल.

---

गिरणगावची_लेक

फुगेल कुठे? पाणी दबत नाही, नळी फुगत नाही. आकारमान तेच, म्हणून बुडबुड्याचा आतला दाबही तोच. म्हणजे तळाचा दाब तो माथ्यावर घेऊन गेला. आता माथ्यावर पूर्वीचा तळाचा दाब, आणि तळावर त्याहून एक वातावरण जास्त. सगळ्या नळीचा दाब एका वातावरणाने चढला, नुसत्या बुडबुड्याच्या चढण्याने.

---

शंकासुर

ही हातचलाखी आहे. बाहेरून काही न घालता दाब?

---

निवृत्त_दर्यावर्दी

हातचलाखी नाही, हिशेब बरोबर आहे. न दबणारं पाणी दाबायला काम लागत नाही, त्यामुळे ऊर्जेचाही घोटाळा होत नाही. फक्त अशी नळी निसर्गात नाही. पाणी थोडं दबतं, खडक थोडा ताणतो, आणि दाब चढला की वायूच परत पाण्यात विरघळतो. ज्वालामुखीखालच्या शिलारसासाठीही हा मुद्दा मांडला गेला होता आणि याच तीन कारणांनी त्याची धार बोथट झाली. तेलाच्या विहिरीत मात्र हा धोका खराखुरा आहे. तळातून वायू शिरला आणि तोंड बंद करून नुसतं बसलात, तर वायू न फुगता वर सरकतो आणि दाब वर घेऊन येतो. म्हणून वायूला हिशेबाने फुगू देत बाहेर काढायचं, हे खोदकामाच्या प्रशिक्षणात घोटून घेतात.

---

गाळ_आणि_गोटे

समुद्राचा विषय निघालाच आहे तर बंदरवाल्यांचं दुखणंही सांगतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळाच्या चिखलात ठिकठिकाणी मिथेन आहे. कुजलेल्या सेंद्रिय गाळातून झालेला. ध्वनिलहरींनी तळाचं चित्र काढायला जावं तर अशा जागी खालचं काही दिसतच नाही, वायू सगळा आवाज खाऊन टाकतो.

रंध्रांत वायूचा अंश नसेल तर लाटेचा दाब तळाखालच्या पाण्यात लगेच पोचतो. थोडा वायू असेल तर बुडबुडे आधी दबतात, दाब उशिरा आणि अर्धवट पोचतो. आता लाटेचा खळगा वरून जातोय असं समजा. तळावरचा दाब पटकन उतरला, पण खालच्या रंध्रांतला उतरायला मागे राहिला. तेवढ्या काही क्षणांत खालचं पाणी वर ढकलतं आणि वरच्या थरातल्या रेतीचा आधार सुटतो. पावसाळ्यातल्या लाटांत हे पुन्हा पुन्हा घडलं की बंधाऱ्याच्या पायथ्याचे दगड खचायला लागतात. इथे बुडबुड्यांनी दाब वाढवला नाही, घटवलाही नाही. फक्त उशीर केला. बांधकाम पडायला तेवढं पुरतं.

---

पक्का_वसईकर

मुंबईच्या काळ्या दगडातही भोकं असतात. तो सच्छिद्र म्हणायचा का?

---

गाळ_आणि_गोटे

ती भोकं म्हणजे लाव्हातून सुटलेल्या वायूचेच बुडबुडे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गोठलेले. पण बरीचशी एकमेकांना जोडलेली नाहीत, आणि पुष्कळ नंतर खनिजांनी भरली. कांदिवलीच्या खाणीतलं प्रेह्नाइट हे हिरवट खनिज जगभरच्या संग्राहकांकडे आहे ते असल्याच पोकळ्यांतलं. भोकं दिसली म्हणून पाणी वाहील असं नाही. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी मुख्यतः सांध्यांतून आणि लाव्हाच्या प्रवाहांच्या माथ्यावरच्या झिजलेल्या थरातून फिरतं.

---

मुलुंडकर_निवांत

याच बेसाल्टमध्ये कार्बन डायऑक्साइड पुरायच्या गोष्टी चालल्यात ना? तिथे बुडबुडे सुटले तर?

---

निवृत्त_दर्यावर्दी

सुटू नयेत यासाठीच आइसलँडमध्ये वेगळा मार्ग धरला. हेलिशेइडीला वायू आधी पाण्यात विरघळवून मग बेसाल्टमध्ये सोडतात. विरघळलेला वायू वर तरंगत नाही, उलट ते पाणी किंचित जड होतं आणि खाली बसतं. २०१२ च्या चाचणीतला ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत खडकात खनिज होऊन बसला. खर्च म्हणजे एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी. तानसा-वैतरणावर जगणाऱ्या शहराला हे परवडायचं नाही, म्हणून समुद्राच्या पाण्याने जमतं का हे बघावं लागेल. तशा चाचण्या तिकडे सुरू झाल्या आहेत.

गंमत म्हणजे विरघळवण्यासाठी तिथे बुडबुडेच वापरले. विहिरीत ३५० मीटरवर वायू बारीक बुडबुड्यांच्या रूपात सोडायचा, पाण्याबरोबर तो खाली ओढला जातो, आणि ५४० मीटरवर नळीतून बाहेर पडेपर्यंत वाढत्या दाबाने पूर्ण विरघळतो.

---

शंकासुर

आणि बुडबुडा खाली जायच्या ऐवजी वर पळाला तर?

---

गिरणगावची_लेक

मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा बुडबुडा साध्या पाण्यात सेकंदाला साधारण २० सेंटिमीटर चढतो. पाणी त्याहून वेगाने खाली ढकलत राहायचं, आणि बुडबुडे जमतील तितके बारीक ठेवायचे, म्हणजे ते हळू चढतात आणि लवकर विरघळतात.